म्हशीमार्फत

लग्नाला सव्वा वर्ष झालं तेव्हा माझी पहिली शृंगारिक कादंबरी लिहून पुरी झाली होती, आणि तोवर नवऱ्याबरोबर मी सगळे मिळून जेमतेम दोन महिने काढले होते. म्हणजे अनुभवाच्या नावानं आनंदच होता. नवरा लष्करात, दूर सरहद्दीकडे. मी सांगलीची, आणि नोकरीला सासरच्या गावात, वडूजपासून दोन कोसांवरच्या शाळेत मास्तरीण. दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. घरात आम्ही तिघं होतो, सासूबाई, मामंजी आणि मी. चौथी म्हैस. ही हकिकत त्या चौथीची आहे असं म्हटलं तरी चालेल.

मी असलं लिहायला का लागले, तर निव्वळ खुमखुमीपायी. सांगलीला आमच्या माहेराजवळ भाड्यानं पुस्तकं देणारं एक वाचनालय होतं. त्याचे मालक जाड भिंगांचा चष्मा लावणारे, धोतर नेसणारे, देवळात घंटा वाजवतानाही हळू वाजवणारे गृहस्थ. पण त्यांच्या पाठीमागे पडद्याआड एक कपाट होतं, त्यात खाकी कव्हरं घातलेली पुस्तकं असत. ती ते स्वतःच एका मित्राच्या छापखान्यात छापून घेत. मी शाळकरी वयापासून ती चोरून वाचत आले होते, आणि मी चोरून वाचते हे त्या मालकांना, म्हणजे काकांना, ठाऊक होतं, आणि त्यांना ठाऊक आहे हे मला. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत माहेरी गेले तेव्हा एक पुस्तक परत करताना मी म्हणाले, काका, हे कोण लिहितं हो, याहून बरं मी लिहीन. काकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, मग लिही की.

माझा स्वभाव असा, की कुणी 'लिही की' म्हटल्यावर न लिहिणं मला जमत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत हस्तलिखित नेऊन दिलं. टोपणनाव पुरुषाचं घेतलं होतं, आडनाव असं की वाचणाऱ्याला वाटावं, पुण्यातले कुणी निवृत्त प्राध्यापक असावेत.

आठ दिवसांनी काकांनी बोलावलं. एक सांगायला हवं, काका आणि मी असल्या पुस्तकांविषयी तासन्‌तास बोलत असू, पण त्यातल्या मुख्य गोष्टीला आम्ही कधी नाव दिलं नाही. आम्ही तिला 'तो भाग' म्हणत असू. चौथ्या प्रकरणातला तो भाग लांबलाय, सातव्यातला तो भाग घाईत उरकलाय, असं. काका हे खिडकीकडे बघत, पावसापाण्याचं बोलावं तसं बोलत.

त्या दिवशी ते म्हणाले, "तो भाग ठीक आहे. पण त्याच्या आधी या दोघांचं जमतं कशावरून? तुझा नायक बोलायला लागला की मला वाटतं, शाळा तपासायला साहेब आलेत."

मला असा राग आला की सांगता सोय नाही. माझा नायक उमदा होता, शिकलेला होता, 'प्रिये, तुझ्या सहवासात माझं जीवन उजळून निघालं' असं व्याकरणशुद्ध बोलत होता. नायिकाही त्याला तितकंच शुद्ध उत्तर देत होती. घरी येऊन मी ते हस्तलिखित रागारागानं पुन्हा वाचायला घेतलं आणि दुसऱ्या प्रकरणापर्यंत येताना राग जिरला. काका खरं बोलले होते. दोघं एका खोलीत होती खरी, पण दोघंही आपापलं भाषण पाठ करून आल्यासारखी. एकानं विचारलेलं दुसऱ्याला ऐकूच गेलं नव्हतं.

पण मी तरी बोलणं आणणार कुठून? नवऱ्याची पत्रं येत, ती घरात मोठ्यानं वाचली जात. 'सप्रेम नमस्कार, विनंती विशेष, मी इकडे खुशाल आहे, म्हशीची काळजी घेणे.' उत्तर मी लिही, तेही मामंजींना वाचून दाखवावं लागे. 'इकडे सर्व क्षेम, म्हैस बरी आहे.' बघा, तिथंही म्हैसच होती, पण माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला नाही.

प्रकाश पडला तो पुढच्या चैत्रात, गावच्या जत्रेच्या आधी.

आमचं स्वयंपाकघर आणि गोठा यांच्यामध्ये एक मातीची भिंत होती आणि तिला वीतभर झरोका. संध्याकाळी मी चुलीपुढे भाकरी थापायला बसे, त्याच वेळी पलीकडे सासूबाई धार काढायला बसत. मामंजी गोठ्याच्या दारापाशी दगडावर बसून घायपाताच्या तंतूंचं, वाकाचं चऱ्हाट वळत. ते लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आणि आयुष्यभर लागणार नाही एवढं चऱ्हाट त्यांनी वळून ठेवलेलं होतं.

ती दोघं एकमेकांशी बोलत नसत. भांडण नव्हतं हो. सासूबाई या घरात आल्या तेव्हा तेरा वर्षांच्या होत्या आणि घरात सासू, आजेसासू, दोन चुलतसासवा होत्या. त्यांच्यादेखत नवऱ्याशी तोंड उघडून बोलायचं म्हणजे निलाजरेपणा. मग सून मुलाशी बोलल्यासारखं करी, भांड्याशी बोले, जनावराशी बोले, आणि ज्यानं ऐकायचं तो ऐके. आमच्या भागात ही रीत घरोघरी होती. इथं त्या सगळ्या सासवा मरून वीस वर्षं झाली होती आणि आता वडीलधारी म्हणायला हीच दोघं उरली होती, पण सवय जाईना. लष्करी पेन्शनीचा कागद असो की पोराचं लग्न, चाळीस वर्षं यांचं जे काही ठरलं ते म्हशीमार्फत. म्हशी बदलत गेल्या. म्हशीला ती दोघं नुसती 'बये' म्हणत.

मी ते रोज ऐकत होते आणि ऐकत नव्हते. भाकरी करपू नये एवढंच माझं ध्यान. त्या संध्याकाळी मात्र बाहेरून मामंजींचा आवाज आला. "बये, गुडग्याचा रिपोर्ट काय हाय आज?"

आतून धारेचा आवाज चालूच. मग सासूबाई म्हणाल्या, "बये, म्हणावं, रिपोर्ट कशाला पायजे. तेलाची बाटली कोनाड्यात हाय, आन देवानं हात बी दोन दिल्यात."

बाहेर चऱ्हाट वळायचं थांबलं. मग मामंजी म्हणाले, "बये, आज नवं लुगडं कुनासाटनं?"

"जत्रंसाटनं, म्हणावं."

"जत्रा परवा हाय, म्हणावं."

आत धारेचा आवाज थांबला. इकडे चुलीपुढे माझे कान लाल झाले. तव्यावर भाकरी करपली तरी मला कळलं नाही. साठीला टेकलेला म्हातारा आणि गुडघे धरून उठणारी म्हातारी, दोघांच्या मध्ये एक दार आणि एक म्हैस, आणि माझ्या अख्ख्या हस्तलिखितात नव्हतं ते त्या तीन शब्दांत होतं. मी पंधरा प्रकरणांत नायक-नायिकेला एकमेकांच्या मिठीत ढकलून ढकलून दमले होते. इथं कुणी कुणाकडे पाहिलंही नव्हतं. पण त्यानं लुगडं पाहिलं होतं, आणि त्यानं पाहावं म्हणूनच तिनं ते दोन दिवस आधी नेसलं होतं, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्यानंतर मी रोज कान देऊन बसू लागले. भाकऱ्या बिघडत गेल्या. सासूबाई म्हणत, मास्तरीणबाईंचा हात बसत न्हाई. मी ऐकलेलं सगळं शाळेच्या हजेरीपटाच्या मागच्या कोऱ्या पानांवर टिपून ठेवी. भाजीत मीठ दुप्पट कुणाच्या आठवणीनं पडलं, यावरून ती दोघं चार दिवस म्हशीला छळत होती. त्या चार दिवसांचं माझं एक प्रकरण झालं.

उन्हाळ्यात सांगलीला बसून मी नवी कादंबरी लिहिली. मोठं एकत्र कुटुंब, नवं जोडपं, आणि सगळं बोलणं म्हशीमार्फत. 'तो भाग' फक्त शेवटच्या प्रकरणात, तोही दीड पानाचा. कुणाला ओळख पटू नये म्हणून मी घर उचलून कोकणात नेलं, लुगडं हिरवं होतं ते लाल केलं, आणि स्वतःवर खूश झाले. काकांना दीड पानाची चिंता वाटली, पण वाचून झाल्यावर ते खिडकीकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, आता जमलं. कव्हरावर ओल्या साडीतली बाई आली. म्हैस घाला म्हणून मी हट्ट धरला होता, पण म्हैस असलेलं पुस्तक त्या कपाटात चालत नाही असं काकांचं म्हणणं पडलं. दिवाळीला पुस्तक आलं आणि चाललं. काकांच्या वाचनालयात त्याच्या प्रती एका जागी कधी दिसल्याच नाहीत. निवृत्त प्राध्यापकांना वाचकांची पत्रं आली, एका बाईनं तर विचारलं होतं, तुम्हाला आमच्या घरातलं कुणी सांगितलं.

हे वाचून मी हवेत होते. त्या बाईच्या प्रश्नाचा आपल्या घराशी काही संबंध आहे हे माझ्या टाळक्यात आलं नाही.

वैशाखात गावात शेवया करायला बायका जमल्या. शेजारच्या सोप्यात चार पाट उतरते लावलेले, कणीक तिंबून ठेवलेली, अंगणात काठ्या बांधून त्यावर शेवया वाळत घातलेल्या. सासूबाईंचा हात त्यात गावात पहिला. त्यांच्या बोटांतून निघालेली शेवई केसासारखी बारीक येई आणि तुटत नसे. मी आपली कणकेचे गोळे करून देत होते. शेजारणीची कराडला दिलेली लेक माहेरपणाला आली होती, सातवी शिकलेली. ती म्हणाली, हात चालू द्या, मी वाचून दाखवते, लय मजेचं हाय. तिनं पिशवीतून पुस्तक काढलं. त्याला वर्तमानपत्राचं कव्हर होतं, पण पहिल्या वाक्यालाच माझ्या हातातला गोळा खाली पडला.

तिनं चांगलं वाचलं, हे मला कबूल करायला हवं. मिठाचं प्रकरण आलं तेव्हा बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. सासूबाईही हसल्या. मी मनात म्हटलं, सुटले, त्यांना काही कळलेलं नाही. मग लुगडं आलं. नायक म्हणाला, जत्रा परवा हाय, म्हणावं. सोपा हसण्यानं दुमदुमला.

सासूबाईंच्या बोटांतली शेवई तुटली.

त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. तुटलेला तुकडा कणकेत मिसळला, पुन्हा ओढायला घेतली, ती पुन्हा तुटली. थोड्या वेळानं त्या पदराला हात पुसत उठल्या आणि गुडघा दुखतोय म्हणून घरी निघून गेल्या. बायका म्हणाल्या, त्यांच्याविना आज शेवया जाड होणार.

त्या संध्याकाळी झरोक्यापलीकडून नुसता धारेचा आवाज आला. मामंजींनी बाहेरून विचारलं, बये, शेवया किती झाल्या. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी गुडघ्याचा रिपोर्ट मागितला. उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, बये, आज दूध लय येळ खातंय. उत्तर नाही. त्यांना कशाचाच पत्ता नव्हता. चाळीस वर्षांत त्या बाईनं त्यांना एकदाही बिनउत्तराचं ठेवलं नव्हतं, आणि आता ते बाहेर दगडावर बसून चऱ्हाट हातात घेऊन वाट बघत राहत. वळत नसत.

मग म्हशीनं पान्हा चोरायला सुरुवात केली. दोन वेळचं मिळून भगुलं अर्ध्यावर आलं. तिला बिचारीला धारेच्या वेळी बोलण्याची सवय, ते ऐकलं की ती दूध सोडी. शेजारणीनं मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. वडूजहून जनावरांचा डॉक्टर आला, त्यानं म्हैस ठणठणीत आहे म्हणून सांगितलं आणि चहा पिऊन गेला. घरात सगळे म्हशीकडे बघत होते. तिच्यात काही बिघाड नव्हता हे मला आणि सासूबाईंना ठाऊक होतं.

मी भित्री निघाले. एरवी शाळेत साहेबाला तोंडावर बोलणारी मी, पण घरात तोंड लपवून वावरत होते. दहाव्या दिवशी मामंजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर येऊन उभे राहिले. ते माझ्याशी कारणाशिवाय बोलत नसत. चऱ्हाटाचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत ते म्हणाले, "सूनबाई, तुमास्नी काय म्हायती हाय का? आमचं काय चुकलं का?"

मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. मी काहीतरी पुटपुटले आणि ते मान हलवून देवळाकडे गेले.

सासूबाईंना तोंडावर सांगायचं मी ठरवलं. दुपारभर वाक्यं जुळवली. 'आत्याबाई, माझ्याकडून आपला विश्वासघात झाला आहे' वगैरे. म्हणून बघितली तर सगळी माझ्या पहिल्या नायकासारखी, साहेब शाळा तपासायला आल्यासारखी. संध्याकाळी तशीच गोठ्यात गेले. सासूबाई धारेला बसलेल्या, पाठमोऱ्या. मामंजी देवळातून आले नव्हते. मी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला.

"बये," मी म्हणाले, "आत्याबाईंना सांग, ते पुस्तक मी लिहिलंय."

सासूबाईंचे हात थांबले नाहीत. दूध येतच नव्हतं, तरी चालू होते. मग त्या म्हणाल्या, "बये, हिला म्हणावं, त्ये मला त्याच दिशी कळलं. झरोक्यापल्याड कोन बसतं, मला ठावं न्हाई व्हय?"

"रागावल्यात का, विचार."

"राग आला हुता. दोन दिसांत ग्येला. समद्यास्नी हासू आलं, मलाबी आलं. पर बये, हिला सांग, आता बोलाय तोंड उगडलं की वाटतंया, ह्ये पुस्तकात हाय. दुसरं बोलाय जावं, तर वाटतंया, ह्ये बी आसंल. माझं बोलनं मलाच परकं झालंय."

मी रडले. म्हशीच्या पाठीवर डोकं टेकून, शेणात पाय ठेवून रडले. मला वाटलं होतं, फार तर मी त्यांची लाज काढली. मी त्यांची भाषाच उचलून नेली होती, आणि वर लुगड्याचा रंग बदलून साळसूदपणे बसले होते.

सासूबाई उठल्या. आता त्या म्हशीशी बोलत नव्हत्या. "त्ये पुस्तक हाय का तुज्याकडं?"

"आहे. ट्रंकेत."

"मग वाच मला. समदं वाच. काय काय घेतलंस त्ये कळू दे. म्हंजी उरलंय काय, त्ये बगाय यील."

दुसऱ्या दिवसापासून तीन दुपारी आम्ही गोठ्यात बसलो. मामंजींना रोज काही ना काही कामाला पिटाळलं, एकदा पेंड आणायला, एकदा वडूजला विळ्याला धार लावायला, एकदा कशाला ते आता आठवत नाही. सासूबाई वाकळ शिवत ऐकत. मधेच म्हणत, ह्ये म्या न्हाई म्हनलं, ह्ये तुजं हाय. आणि दर वेळी बरोबर सांगत. माझी म्हणून मी घातलेली वाक्यं त्यांना खड्यासारखी लागत होती. कोकणाविषयी त्यांनी काही तक्रार केली नाही, फक्त तिथल्या म्हशी एवढं दूध देत नाहीत असं ऐकल्याचं सांगितलं.

तिसऱ्या दुपारी 'तो भाग' आला. मी म्हटलं, आत्याबाई, हे दीड पान सोडते.

"का? पोरास्नी धडा सोडू देतीस का साळंत?"

मी पाढे म्हणावेत तसं ते दीड पान वाचलं. मान वर केली नाही. संपल्यावर गोठ्यात फक्त म्हैस रवंथ करत होती. सासूबाईंनी सुई वाकळीत खोचली.

"ही दोगं हासत न्हाईत व्हय?" त्यांनी विचारलं.

मला कळेना.

"येवडं समदं झालं, आन कुनालाच हासू न्हाई आलं? आमची खाट करकर वाजायची. भितीपल्याड सासू. आमी त्वांडात पदर कोंबून हासायचो. निम्मा येळ त्यातच जायाचा." एवढं बोलून त्या पुन्हा वाकळ शिवू लागल्या, पण त्यांच्या कानांच्या पाळ्या तांबड्या झाल्या होत्या.

पुढं मी वीस-बावीस तसली पुस्तकं लिहिली. त्या दुपारनंतरच्या प्रत्येक पुस्तकात ती दोघं हसतात. काकांनी एकदा खिडकीकडे बघत विचारलं, तो भाग हल्ली हसरा का झाला. मी म्हटलं, एका जाणत्या बाईंनी सुधारून दिला.

त्या दुपारी पुस्तक मिटलं तेव्हा सासूबाईंनी ते हातात घेतलं. उलटंसुलटं केलं, जाडी बोटांनी मोजली.

"येवडंच घेतलंस व्हय?" त्या म्हणाल्या. "मग लय हाय आजून."

त्या संध्याकाळी मी चुलीपुढे बसले. पलीकडे सासूबाई धारेला बसल्या. मामंजी दगडावर, मुके. एवढे दिवस विचारून विचारून त्यांनी विचारणंच सोडलं होतं. मग सासूबाईंचा आवाज आला, "बये, हिला सांग, चुलीवरचं दूध उतू जातंया."

चुलीवर दूध नव्हतंच. ते तर अजून म्हशीच्या कासेत होतं. मी तवा उतरवला, घागर घेतली आणि मागच्या दारानं आडावर गेले. घरात पाणी भरपूर होतं. तरी गेले, आणि आडाच्या कठड्यावर बसून राहिले. पाणी शेंदलं, ओतून दिलं, परत शेंदलं. सासूबाई तिकडे काय बोलल्या ते मला आजतागायत ठाऊक नाही. आडापर्यंत फक्त मामंजींच्या हसण्याचा आवाज आला. आधी खोकल्यासारखा, मग मोठा, आवरता न येणारा.

घरी आले तेव्हा भगुलं काठोकाठ भरलं होतं आणि वर फेस. मामंजी चऱ्हाट वळत होते. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. त्या दिवसापासून धारेच्या वेळी मी आडावर जाई. गावात म्हणू लागले, मास्तरीण लय कामाची हाय, दोन घागरी पाण्यासाठी चार खेपा घालती.

मार्गशीर्षात नवरा रजेवर आला. आम्ही शिकलेली माणसं, एकमेकांशी थेट बोलत होतो. जेवण झालं का, बस किती वाजता आहे, शाळेला सुट्टी कधी, असं. चौथ्या दिवशी त्यानं विचारलं, तू रोज धारेच्या वेळी पाण्याला का जातेस. मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं, टोपणनावासकट. मला वाटलं, आता भडकणार. त्यानं फक्त पुस्तक मागितलं. दोन दुपारी माळवदावर बसून वाचलं, आणि काही न बोलता परत ट्रंकेत ठेवलं. भडकला असता तरी मला बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात सासूबाई आणि मामंजी पाटणकडे एका लग्नाला गेले. निघताना सासूबाई म्हशीला म्हणाल्या, बये, मास्तरीणबाईंचा हात बसलाय आता, तिला तरास दिऊ नगंस. धार काढायला त्यांनी मला शिकवलं होतं. संध्याकाळी मी भगुलं घेऊन बसले. म्हैस अवघडून उभी, दूध सोडेना. तेवढ्यात दारातला उजेड कमी झाला. नवरा येऊन वडलांच्या दगडावर बसला होता. त्यानं अर्धवट वळलेलं चऱ्हाट हातात घेतलं. त्याला वळता येत नव्हतं, त्यानं नुसता गुंता केला. मी मागं वळून पाहिलं नाही.

मग त्यानं घसा खाकरला.

"बये," तो म्हणाला.

पुढं तो काय म्हणाला ते मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. मी म्हशीमार्फत दिलेलं उत्तरही. ती दोन वाक्यं माझ्या कुठल्याच पुस्तकात नाहीत, आणि इथंही मी ती लिहिणार नाही.